अक्का, भीष्म आणि बिनशिशाचं सोल्डर

माझ्या थोरल्या मेव्हणीनं आजवर जगातली एकही गोष्ट एकदाच विचारून खरी मानलेली नाही. सूर्य उगवला की नाही हेसुद्धा ती पूर्वेची खिडकी आणि परसातला कोंबडा अशा दोन वेगळ्या ठिकाणांहून पडताळून घेते, असं आमच्या पेडण्यात बोललं जातं. आणि त्यात अतिशयोक्ती असलीच तर ती कोंबड्यापुरती. मला ह्याचा अनुभव पहिल्याच भेटीत आला. मुलगी बघायला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो, ओटीवर बसलो, आणि ही थोरली बहीण चहाचं विचारायला बाहेर आली. "साखर किती?" मी म्हटलं, दोन चमचे. थोड्या वेळानं वडीलमाणसं भातशेतीवर बोलत असताना तिनं मधेच पुन्हा विचारलं, साखर किती? मी पुन्हा दोन म्हणालो. निघताना, चपला पायात सरकवताना, तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तेव्हा मात्र माझा तोल गेला आणि मी जवळजवळ ओरडलोच, "दोन! दोन चमचे!" ती समाधानानं आत गेली आणि धाकट्या बहिणीला सांगताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं: "बरो आसा. मात्सो तापता, पूण रीडिंग हालना." थोडा तापतो, पण आकडा हलत नाही. त्या एका शेऱ्यावर माझं लग्न झालं.

तिला सगळे अक्का म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतलेल्या आमच्या भागातल्या पहिल्या मुलींपैकी ती एक. गोवा वेगळं राज्य झालं, कोंकणी की मराठी ह्यावरून घराघरांत जेवणाची पानं वेगळी व्हायची वेळ आली, त्या दिवसांत अक्का डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला लागली. वडील कट्टर मराठीवाले, काका कट्टर कोंकणीवाले, आणि दोघांचं भांडण चालायचं ते अस्सल पेडण्याच्या बोलीत. अक्का दोघांना ताटं वाढून सांगायची, "म्हज्या मशीनाक दोनच शब्द कळतात, हय आनी ना. तुमी दोगूय तितकें शिकात." आणि पर्समध्ये मल्टिमीटर टाकून बस पकडायची. त्या पर्समध्ये आबोलीचा वळेसर, रुमाल, आणि मीटरच्या लाल-काळ्या वायरी एकमेकांत इतक्या गुंतलेल्या असत की बसचे सुटे पैसे काढताना कंडक्टरच्या हातात कधी फूल पडे, कधी वायर.

मीटर ती कुठेही काढी. दुकानदारानं बॅटरीचा सेल दिला की त्याच्याच समोर तपासणार. देवळातल्या उत्सवात कर्णा गुरगुरू लागला की कीर्तन थांबवून, मंडपाच्या मागे जाऊन, अर्थिंगची तार शोधणार. म्हापशाला एका लग्नात तिनं मंगलाष्टकांच्या मधोमध भटजींच्या हातातला माईक काढून घेतला होता, कारण त्यातून झिणझिण्या येताहेत हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं होतं; भटजींना मात्र तो मंत्राचा प्रभाव वाटत होता. जिथे मीटर चालत नसे तिथे ती बोटं आणि कान वापरी. पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की प्रत्येक उंड्याच्या, त्या गोल पावाच्या, बुडावर टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय घेत नसे. पोदेर वैतागून म्हणायचा, "अक्का, तो पाव, वाजोवपाचें घुमट न्हय!" तिचं उत्तर ठरलेलं: "भाजिल्लो पाव वाजता, बाबा. कच्चो वोगी रावता." भाजलेला वाजतो, कच्चा गप्प राहतो.

मी पुढे त्याच कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात लागलो, म्हणजे अक्का इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड तपासायची आणि मी ते खोक्यांत भरून रवाना करायचो. आम्ही एकाच स्कूटरवरून जायचो-यायचो. मी चालवायचो आणि ती मागे बसून मला चालवायची. कामावर शंभरेक मुली असतील. पेडण्याच्या, सावंतवाडीच्या, बेळगावकडच्या. सगळ्यांच्या बोली वेगळ्या, पण अक्काचा आरडाओरडा सगळ्यांना एकाच भाषेत कळे. तिच्या खात्याचा राजा म्हणजे टेस्टिंगचं यंत्र. एका चौकोनी पेटीत खालून वर तोंड केलेल्या शेकडो बारीक सुया, प्रत्येक सुईखाली स्प्रिंग. बोर्ड त्यांवर निजवायचा, वरून झाकण दाबायचं, की एकेक सुई बोर्डावरच्या आपापल्या तांब्याच्या टिकलीला टेकते, वीज सोडते, आणि जोडणी धड आहे का ते सांगते. हिरवा दिवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. सुयांच्या त्या अंथरुणावर निजलेला बोर्ड बघून मुलींनी यंत्राचं नाव भीष्म ठेवलं होतं. पांडव प्रश्न विचारायला जात तशा त्या रोज भीष्माकडे जात, आणि भीष्म कधी खोटं बोलत नसे.

म्हणजे, सोल्डर बदलेपर्यंत बोलत नव्हता.

आमचं एक परदेशी गिऱ्हाईक होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या ते बनवत, आणि त्या पेटीची ऊब राखणारा बोर्ड आमच्याकडून जात असे. त्यांनी कळवलं की यापुढे सोल्डरमध्ये, म्हणजे बोर्डावरचे भाग वितळवून जोडणाऱ्या धातूत, शिसं नको. शिसं विषारी, बाळांचं काम, त्यामुळे वाद घालण्यासारखं काही नव्हतं. अक्का तर हरखूनच गेली. नवं काही आलं की तिला अंगात आल्यासारखं होई. "अरे, कथील, चांदी आनी तांबें! चांदी रे! आतां आमी सोनार जालीं!" असं ती सगळ्या खात्यातून ओरडत फिरली. आमचे मॅनेजर कोल्हापूरचे, धिप्पाड आणि हळव्या मनाचे. त्यांनी फक्त कपाळाचा घाम पुसला.

पहिली पंचाईत डोळ्यांची झाली. शिशाचं सोल्डर आरशासारखं चकाकतं आणि 'चकाकतो तो टाका चांगला' हे मुलींना वर्षानुवर्षं घोकवलेलं. बिनशिशाचा टाका दिसतो मळकट, जागरण झालेल्या माणसाच्या तोंडासारखा. मुलींनी पहिल्याच सकाळी सगळा माल नापास करून टेबलाखाली ढीग लावला. अक्कानं सगळ्यांना गोळा केलं, आणि समजावण्यासाठी उदाहरण म्हणून, मी नेमका खोकी मोजायला आलो होतो, तर माझा दंड धरून मला मधे उभं केलं. "ह्या आमच्या भावोजींकडे बघा. चकाकी आहे कुठे? नाही. तोंड कायम मळकट. पण माझ्या बहिणीशी जोडणी किती घट्ट! ओढून बघा हवं तर!" एका मुलीनं खरंच माझी बाही ओढून बघितली. त्या दिवसापासून चांगल्या पण निस्तेज टाक्याला आमच्या कारखान्यात 'भावोजी' म्हणू लागले. 'आज सगळे भावोजी मस्त आलेत' हे वाक्य ऐकून पाहुणे गोंधळत.

दुसरी पंचाईत मात्र हसण्यासारखी नव्हती. भीष्म खोटं बोलू लागला. डोळ्यांनी धड, मीटरनं धड असा बोर्ड सुयांवर ठेवला की लाल दिवा. उचलून पुन्हा ठेवला की हिरवा. तिसऱ्यांदा पुन्हा लाल. मुली रडकुंडीला आल्या. माल पाठवायची तारीख जवळ येत होती. मॅनेजरसाहेब म्हणाले, "अक्का, दोनदा लावा, तीनदा लावा. एकदा हिरवा आला की झालं की वो!" अक्का उसळलीच. "साहेब, तिसऱ्यांदा हो म्हणणाऱ्याचं पहिलं नाही कुठं गेलं? ते कोणी खाल्लं?"

सगळ्यांनी मिळून दोष दिला तो धुळीला. डिचोलीत दोष द्यायला धूळ कायम हजर असे. सुर्ल्याकडून खनिजाचे ट्रक दिवसभर धावत, आणि रस्ते, झाडं, म्हशी, वाळत घातलेली धोतरं, सगळं एकाच तांबड्या रंगाचं होई. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लागल्या, दारावर ओले पडदे आले, मुलींना चपला बदलायला लावलं. साहेबांनी स्वतः मिशा पुसून आत यायला सुरुवात केली. भीष्म लालच. शेवटी अक्कानं एका नापास बोर्डावरच्या टिकलीवर स्पिरिटचं पांढरं फडकं घासलं, आणि ते सगळ्यांना दाखवत नाचायला लागली. फडक्यावर तांबडं काही नव्हतंच. पिवळट, चिकट असा डाग होता. "ही धूळ न्हय गो! हो फणसाचो चीक!"

तिचं म्हणणं खरं होतं. बिनशिशाचं सोल्डर वितळायला जास्त आच लागते. टाका नीट बसावा म्हणून लावलेला राळेसारखा पदार्थ त्या आचेत करपून टिकल्यांवर कडक साय धरत होता. शिवाय टिकल्यांचं उघडं तांबं त्याच आचेत काळवंडत होतं. सुई त्या सायीवर टेकून राही, आत पोचतच नसे, आणि बिचारा भीष्म 'इथे जोडणी नाही' म्हणे. फणसाचे गरे काढताना बोटांना चीक लागावा आणि मग हातातली वस्तू हाताला कळू नये, तसं हे. एकदा कारण कळल्यावर अक्काला कोण थांबवणार? तिनं बंगळुरूहून नव्या सुया मागवल्या, मुकुटासारख्या दातेरी टोकांच्या, आणि त्यांच्याखाली दुप्पट ताठ स्प्रिंगा. त्या बसवल्या, झाकण दाबलं, आणि हिरवा! दुसरा बोर्ड, हिरवा! सगळी दुपार भीष्म हिरवाच. मुलींनी टाळ्या पिटल्या, साहेबांनी पेढे वाटले, आणि अक्कानं आनंदाच्या भरात पहिला पेढा भीष्माच्या झाकणावर ठेवला. अख्खा माल पास झाला. मी खोकी भरली, पट्ट्या मारल्या, आणि ठरल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर, मुंबईच्या टेम्पोवर चढवून दिली. टेम्पो फाटकाबाहेर पडला तेव्हा मला वाटलं होतं, संपलं.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर अक्का एका नव्या मुलीला भीष्म कसा चालवायचा ते शिकवत होती. मुलीचा रुमाल खाली पडला, तो उचलायला अक्का वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिचे डोळे झाकणाच्या पातळीत आले होते. ती म्हणाली, "परत दाब." मुलीनं दाबलं. "परत." मी नेमका पावती द्यायला गेलो होतो. ती मला न बघताच म्हणाली, "भावोजी, हांगा येयात. डोळो हांगा लायात." मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो. झाकण खाली आलं, कडांनी बोर्डाला धरलं, खालून त्या ताठ सुयांनी रेटा दिला, आणि बोर्डाची पाठ मधोमध वर आली. अगदी थोडी. तव्यावरचा पापड फुगायच्या आधी जेवढा हलतो तेवढीच.

अक्काच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बोर्डावर तांदळाच्या कणीएवढे चिनी मातीचे भाग असतात. बोर्ड वाकला तर ते वाकत नाहीत, आतल्या आत तडकतात. थंड असताना तडकलेला भागसुद्धा गुण्यागोविंदानं काम करतो, भीष्मापुढे पासही होतो. पुढे कधीतरी, ऊब चढली की, दगा देतो. अक्कानं नमुन्याला ठेवलेले काही पास बोर्ड तपासणीच्या गरम पेटीत घातले आणि आम्ही मीटर लावून बसलो. पहिला बरा, दुसरा बरा. मग एकाचा आकडा घसरायला लागला. ती म्हणाली, "हे म्हजे सुयांनी केलां." माझ्या सुयांनी केलंय. आणि मग एकदम जिवाच्या आकांतानं, "भावोजी, तो टेम्पो!"

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली आणि मी तिच्या मागे. साहेब म्हणाले, "अवो, पण सगळा माल पास झालाय न्हवं? तुम्हीच केलाय." ती म्हणाली, "मीच केलाय. आता मीच नापास करते. साहेब, त्या पेटीत आठव्या महिन्यातलं पोर निजणार आहे." साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, कपाळ पुसलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली, कोणाला ते कळलं नाही, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भावोजी, बघताय काय? गाडी काढा!" त्या दिवसापासून साहेबसुद्धा मला भावोजीच म्हणू लागले.

ड्रायव्हरचा मोबाईल बंद होता. आम्ही स्कूटर पळवली. डिचोलीच्या बाहेर पडतो तोच पुढे ट्रकांची रांग, आणि प्रत्येक ट्रक आमच्यावर मूठमूठ तांबडी भुकटी उधळत होता. अक्का मागून "उजवीकडून! डावीकडून! मधून!" अशा तिन्ही आज्ञा एकदम देत होती. अस्नोड्यात आम्ही एका कोंबडीला जीवदान दिलं आणि एका वाहतूक पोलिसाला नमस्कार केला. त्यानं गोंधळून उलट नमस्कार केला. कोलवाळच्या पुलावर वाऱ्यानं तिच्या केसांतला वळेसर उडून नदीत गेला, तिनं वळूनही पाहिलं नाही. धारगळला ओळखीचे लोक बसथांब्यावर उभे होते, तांबड्या रंगात न्हालेली आमची जोडी बघून कोणीतरी ओरडलं, "अक्का, शिगमो आजच गो?" "टेम्पो पळयलो?" पाहिला का, असं हिनं ओरडून विचारलं. "निळो? फुडें गेलो!" पेडण्याचा फाटा मागे पडला, आमचं घर मागे पडलं, आणि पत्रादेवीच्या नाक्यावर, जिथे गोवा संपतो, तिथे गाड्यांच्या रांगेत आमचा निळा टेम्पो उभा दिसला. आणखी दोन गाड्या पुढे सरकल्या असत्या तर तो महाराष्ट्रात गेला असता.

ड्रायव्हर कुडाळचा होता आणि बाजूच्या गाड्यावर भाजी-पाव खात होता. त्याला मी समजावतोय तोवर अक्का मागचं फळकूट धरून टेम्पोत चढली आणि खोक्यांवर बसली. ड्रायव्हर हातातला पाव तसाच धरून धावत आला. "अगो बाय, उतर खाली! माका मुंबयक जावचा हा!" ती म्हणाली, "जा. पण मी बसून येणार, आणि माझा भावोजी वाटभर हॉर्न वाजवत मागून येणार." ड्रायव्हरनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, पाव संपवला आणि गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर मी टेम्पोच्या मागेच होतो. ताडपत्री उघडी होती. अक्का खोक्यांच्या थरावर मांडी घालून बसली होती, आणि दर खड्ड्याला दोन्ही हात पसरून ती खोकी दाबून धरत होती, जणू आत बोर्ड नाहीत, झोपलेली पोरं आहेत. तोंडावरच्या तांबड्या धुळीतून दोन स्वच्छ ओघळ हनुवटीपर्यंत आले होते. मी अंतर जरा वाढवलं. आपण रडताना दिसतोय असं तिला वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळ्या मुलींना गोळा केलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "मी चुकले. भीष्माची खोटी बातमी बंद केली, पण बोर्डाला खरी इजा केली." मग तिनं पदर खोचला. ताठ स्प्रिंगा काढून पुन्हा हलक्या बसवल्या. बोर्डाच्या पाठीला जागोजागी टेकू दिले, म्हणजे तो वाकणार नाही. आणि टिकल्या उघड्या न ठेवता त्यांच्यावरही सोल्डरचा छोटासा घुमट चढवायची युक्ती काढली. तांबं काळवंडायचं थांबलं, वरचा चीक पुसून घेतला, आणि हलकीशी सुईसुद्धा त्या घुमटात अलगद रुतू लागली. परत आलेला सगळा माल तिनं गरम पेटीतून काढला. त्यात तडकलेले निघाले. फार नाही, पण निघाले. माल उशिरा गेला, गिऱ्हाईक चिडलं, आणि त्यांचा एक उंचच उंच माणूस चौकशीला थेट डिचोलीत येऊन थडकला. साहेब इस्त्रीचा कोट घालून उभे. अक्कानं त्या पाहुण्याचा खांदा धरून त्याला भीष्मापुढे उकिडवं बसवलं आणि काढलेल्या ताठ स्प्रिंगा लावून बोर्ड कसा वाकतो ते दाखवलं. मग त्यानं हलक्या स्प्रिंगा लावायला सांगितल्या आणि झाकण स्वतःच्या हातानं मिटलं. उठताना गुडघे धरून तो एवढंच म्हणाला की त्यांच्याकडे हे कोणी आपणहून सांगितलं नसतं. पुढचं काम त्यांनी आम्हालाच दिलं.

ते काम आमच्याकडे पुष्कळ वर्षं राहिलं. मग आमच्या कंपनीनं ते दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या कारखान्यात हलवलं. कोणाचा दोष नव्हता, तिकडे जागा जास्त, यंत्रं नवी. मुली पांगल्या, कोणी लग्न होऊन गेल्या, कोणी म्हापशात दुकानांत लागल्या. अक्का निवृत्तीला आलेली. जायच्या आधी कंपनीनं तिला विचारलं, तिथल्या नव्या पोरांना थोडे दिवस शिकवाल का? ती गेली. तिची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची हिला. कशी शिकवली असेल देव जाणे.

ती परत आली तेव्हा मी पेडण्याच्या स्टेशनवर आणायला गेलो. गाडी गेल्यावर फलाट रिकामा झाला, तरी ती पिशवी घेऊन बाकावरच बसून राहिली. समोरच्या शेतात कापणी झाली होती आणि बगळे उतरले होते. मी शेजारी बसलो. थोड्या वेळानं विचारलं, "कशी आहेत अक्का, तिथली पोरं?"

ती बगळ्यांकडे बघत राहिली.

"बरीं आसात," ती म्हणाली. "झाकण हळू दाबतात."